मंदाताईंची नंबरांची वही

“मंदाबाय, चिट्टी निंगते का नाय? पानी उतरायला लागलंय!” दादू तांडेल खिडकीतून ओरडला.

मुरबे गावच्या मच्छीमार सोसायटीतला प्रिंटर कोरे कागद बाहेर टाकत होता. छापील चिठ्ठीशिवाय डिझेल नाही, हा नियम. आणि पाणी पुरतं ओसरलं की बोटी खाडीतच रुतणार. मासेमारीबंदीनंतरचा पहिला दिवस. अकरा बोटी खोळंबल्या होत्या.

मंदाताईंच्या जागी बोईसरहून आलेली हेतल कॉम्प्युटरपुढे घामाघूम झाली होती. सकाळी तिनंच चिठ्ठ्यांचा प्रोग्राम २.४ वरून ३.० वर नेला होता.

“ताई, मी परत २.४ टाकलं. तरी कोरंच येतंय.”

मंदाताई सोसायटीच्या लेखनिक, उद्या निवृत्त होणार. कॉम्प्युटर आपल्याला कळत नाही, या धास्तीनं गेली अकरा वर्षं त्या प्रत्येक बदलाचा नंबर वहीत लिहीत आल्या होत्या. ‘कॉम्प्युटरची जन्मपत्रिका’ म्हणून सगळे त्या वहीला हसत. आताही त्यांनी ती जरा बिचकतच पुढं केली.

“मला त्यातलं काय कळत नाय गं. पण २.४ बसवलं तवा छपाईचं पॅकेज १.८ होतं. हितं लिवलंय.”

हेतलनं पडद्यावर पाहिलं. ३.० नं येताना छपाईचं २.० सोबत आणलं होतं. प्रोग्राम मागे आला, छपाईचं पॅकेज मात्र २.० वरच राहिलं होतं.

“पण १.८ आणू कुठून? सर्व्हरवर फक्त नवीनच ठेवलंय.”

मंदाताईंनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. आतल्या पेनड्राइव्हवर कागद चिकटवला होता : ‘२.४ आणि १.८. चालतं. पुसू नये.’

“हे ठेवायला तुम्हाला कोणी शिकवलं?”

“ह्या दादूनं. नवं जाळं पयली मासळी घेऊन येईस्तवर जुनं उसवत नाय तो.”

दहा मिनिटांत चिठ्ठी निघाली.

“निंगाली रे! मंदाबाय, पयलं पापलेट तुझं!” दादू डिझेलपंपाकडे पळाला.

दुपारी हेतलनं वही ओढून स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘३.० चालत नाही. परत २.४, छपाई १.८.’ मग विचारलं, “ही मी ठेवू?”

“ठेव. मागची पानं कोरीच हायत.”

अकराही बोटी निघून खाडी रिकामी झाली होती. काठावरच्या बांबूवर दादूचं जुनं जाळं वाळत होतं. मंदाताईंनी जाता जाता त्याचं चिखलात लोळणारं टोक उचललं, झटकलं आणि नीट वर टाकलं.