हडपसरच्या खोलीतली पितळी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. कसबा पेठेतल्या एका ओतारी कारागिराने मला घडवले. पुष्कळ वर्षे मी एका शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर होते. मी वाजले की शिपाई रंगनाथ धावत येत. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला त्यांच्याच हाती दिले. पुढे त्यांचे गुडघे गेले, पत्नी गोदाबाईंना अर्धांगवायू झाला आणि आम्ही तिघे हडपसरच्या एका शुश्रूषा केंद्रात आलो. आता मला रंगनाथ वाजवत, पण धावत यायला कुणी नव्हते.

मग आलिया आली. तिला परदेशातल्या मेडिकल कॉलेजात जायचे होते आणि अर्जासाठी रुग्णसेवेचा अनुभव हवा होता. सुरुवातीला मी किणकिणले की ती दारात हजर असे. "आजी, सावकाश गिळा," म्हणत ती गोदाबाईंना पेज भरवी.

रंगनाथ सांगत, "पोरी, हिला ठसका लागतो. जेवल्यावर लगेच आडवी करू नकोस."

एकदा केंद्रातल्या आया वेणूबाई तिला म्हणाल्या, "दर घंटेला पळालीस तर डॉक्टर व्हायच्या आधी पेशंट होशील. म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही."

आलिया हसली. त्यानंतर ती उशिरा येऊ लागली. मग आणखी उशिरा. रंगनाथ मला जोराने हलवू लागले, तशी मी तिला कटकटच वाटू लागले. मला भीती वाटायची. माझा आवाज शाबूत होता, पण तो ऐकणारे कान हळूहळू बंद होत होते.

एका दुपारी समोरच्या ऑफिसात, लॅपटॉपवर तिची कॉलेजची मुलाखत होती. वेणूबाई औषधे आणायला गेल्या होत्या. आलियाने घाईघाईने पेज भरवली, गोदाबाईंना आडवे केले आणि ती गेली. थोड्याच वेळात गोदाबाईंचा श्वास घरघरू लागला. रंगनाथांनी मला वाजवले.

"आवाज कसला?" लॅपटॉपमधून कुणी विचारले.

"काही नाही, सर. इथे नेहमीचेच आहे," आलिया म्हणाली. तिने दार लावून कडी घातली.

मी वाजत राहिले. गोदाबाईंचे ओठ निळे पडले. रंगनाथ पलंगावरून खाली घसरले, सरपटत गेले आणि त्यांनी मला त्या बंद दारावर आपटले. तेव्हा आलिया धावली. तिने आजींना कुशीवर वळवले, तोंड साफ केले, ॲम्ब्युलन्स बोलावली. गोदाबाई दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

आलियाची निवड झाली. ते सांगायला ती आली आणि दारातच उभी राहिली. "आजोबा, मला घंटा ऐकू आली होती."

"माहीत आहे," रंगनाथ म्हणाले. "तू कडी लावलीस, ती मलाही ऐकू आली."

आलिया दारातूनच परत गेली.

मित्रांनो, सारखी हाक मारणाऱ्याचा कंटाळा येतो, हे खरे. तरी उठा. कारण हाक कुठली साधी आणि कुठली शेवटची, हे तिच्या आवाजावरून कळत नाही.

आता रंगनाथ मला हात लावत नाहीत. खोलीत दिवसभर शांतता असते. वेणूबाई म्हणतात, म्हातारा सुधारला.