माझा वेग कमी करू नका

मी कॅसेट बोलतेय. आधी आवाज वाढवा. पुटपुटायला माझा जन्म झालेला नाही.

माझ्या पोटात एका हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम आहे. शेवटचाही तोच. बँडचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. वाईट वाटायचंच तर तुमचं तुम्हाला वाटू दे.

मी जन्मले एका गादीवाल्याच्या गोदामात. तिथे ड्रम कितीही बडवा, गाद्या सगळा आवाज गिळायच्या. ड्रम बडवणारा वेल्डर होता, त्याला सगळे हातोडा म्हणत. गाणारा तो घसा. गिटारवाले दोघे सख्खे भाऊ, वाजवण्यापेक्षा भांडायचे जास्त. रेकॉर्डिंगचा डेक घशाने मेव्हण्याकडून उसना आणला होता. त्याचा रबरी पट्टा सैल पडलेला, त्यामुळे माझी टेप हळू फिरायची. कुणाच्या लक्षात येणार? वाजवून बघायचे तेही त्याच डेकवर!

मग मला घशाच्या घरी नेलं. तिथला डेक धडधाकट. बटण दाबलं आणि हळू भरलेली मी सुसाट सुटले. ड्रमचा नुसता भडिमार, घशाचा आवाज थेट छताला.

"हे आपण वाजवलंय?" थोरल्या भावाने विचारलं.

"जोशात होतो रे," हातोडा म्हणाला. "कळलंच नसेल."

आणि हे त्यांना पटलं! माझ्यावरून प्रती काढल्या, विकल्या, कार्यक्रमही ठरवला. डेक परत करायला गेले तेव्हा मेव्हण्याने सैल पट्ट्याचं सांगितलं. चौघांची तोंडं अशी उतरली की बघवेना.

"लोकांना सांगून टाकू," घसा म्हणाला.

"काय सांगणार? आम्ही एवढे भारी नाही म्हणून?" हातोडा खवळला. "त्यापेक्षा होऊ ना तेवढे भारी!"

झालं. रोज मला लावायचे आणि माझ्यामागे धावायचे. हातोड्याच्या तळहातांची सालं निघाली. घसा मिठाच्या गुळण्या करून करून त्या वरच्या पट्टीत पोचला. कार्यक्रमात त्यांनी मला गाठलं, शेवटच्या गाण्यात तर मागे टाकलं. मी समोरच होते, उगाच नाही सांगत.

पुढे नेहमीचंच. नोकऱ्या, लग्नं, कंबरदुखी. माझ्या बहिणींवर, म्हणजे विकलेल्या प्रतींवर, लोकांनी पोरांचे भूगोलाचे धडे भरले. माझी मागची प्लास्टिकची खुंटी हातोड्याने आधीच मोडून ठेवली होती, म्हणून माझ्यावर कुणाला काही भरता आलं नाही. पण मला कुणी लावलंही नाही. कपाटात, सुतळ्या आणि जुन्या चाव्यांबरोबर पडून राहिले.

मला शोधलं हातोड्याच्या मुलीने. तिला मी जगाला ऐकवायचीय. पण माझ्या टेपवरचा आवाज धरणारा थर आता खपल्यांसारखा सुटतोय. एकदा वाजेन, त्यात उतरवून घेतलं तर घेतलं. म्हणून तिने बापाला आणि घशाला बोलावलं. घसा आता मुख्याध्यापक झालाय. त्याने येताच डेकच्या वेगाच्या बटणाकडे हात नेला.

"हळू करून घे, बेटा. आमचा खरा वेग तो. असलं किंचाळणं बाहेर गेलं तर शाळेत तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"काका, तुम्ही नंतर ह्याच वेगाने गायलात ना? लोकांसमोर?"

"तेव्हा अक्कल नव्हती."

"आता आली आणि आवाज गेला! बाबा, तुम्ही तरी बोला."

हातोडा खुर्चीत मान खाली घालून बसला होता. बोटं सुजलेली, चहाचा कपसुद्धा तो दोन्ही हातांनी धरतो.

"घशा," तो म्हणाला, "वेग आधी खोटा होता. नंतर आपण तो खरा केला. आयुष्यात तेवढं एकच काम मी असं केलंय. ते हळू नको करूस रे."

मुख्याध्यापकाचा हात अजून बटणावरच.

"काका, हात काढा," पोरगी म्हणाली.

त्याने काढला. जरा वेळ लावला, पण काढला.

आता मी फिरतेय. थर झडतोय, कडेला करकर होतेय, पुढच्या गाण्यापर्यंत टिकेन की नाही सांगता येत नाही. मला साफसूफ करू नका, सभ्य करू नका. वयाचा मान वगैरे तर मुळीच देऊ नका. शेजारी दार वाजवताहेत; वाजवू देत. चला, बाजूला व्हा!