स्क्रीनवरचा म्हातारा

मी म्हातारा बोलतोय. तुमच्या घरातला नव्हे, कॉम्प्युटरमधला. स्क्रीनवर खिडक्या उघडतात, बाण पळतो, अक्षरं उमटतात, ते सगळं रंगवणारा प्रोग्राम म्हणजे मी. माझं खरं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर शिव्या घालतानाच घेतात.

मला कुठल्या कंपनीने बनवलं नाही. माझा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. कुठकुठल्या माणसांनी पदरचा वेळ घालून मला वाढवलं. एकाने बाही शिवली, दुसऱ्याने खिसा लावला, तिसऱ्याने तोच खिसा उसवून पाठीवर लावला. म्हणून मी गबाळा दिसतो. दिसेना का! चालतो की नाही?

मग नवा आला. माझंच काम करणारा, पण देखणा, चपळ, शिस्तीचा. आणि मला वाढवणाऱ्या मंडळींत भांडण पेटलं.

"म्हाताऱ्याला घरी बसवा आता!"

"आणि काम कोण करणार? तुझा नवा? तो अजून रांगतोय, त्याला आधी चड्डी घाल."

एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं टाइप करता करता हमरीतुमरीवर यायची. नव्याच्या बाजूचे म्हणत, म्हाताऱ्याच्या घराला दारं नाहीत, एका खिडकीतलं दुसरीला दिसतं, चोर शिरला तर सगळं वाचेल. खरं आहे ते. नव्याने प्रत्येक खिडकीला दार लावलं, आतून कडी घातली. चांगलं केलं.

पण दारं नव्हती म्हणूनच एका आईला दिसत होतं. ते कुणी बोलेना.

त्या आईचा थोरला मुलगा मला सांभाळायचा, म्हणजे माझा कोड दुरुस्त ठेवायचा. दादा. आई कपड्यांचे नमुने स्क्रीनवर आखून शिंप्यांना द्यायची. पुढे तिच्या नजरेचा मधला भाग गेला, कडेकडेचं तेवढं दिसायचं. दादाने तिच्यासाठी भिंग बनवलं. म्हणजे एक छोटा प्रोग्राम. बाण जिथे जाईल तिथलं मोठं करून दाखवायचं आणि वाचून सांगायचं. माझ्याकडे दारं नव्हती, म्हणून त्याला कुठल्याही खिडकीत डोकावता यायचं. आवाज दादाने स्वतःचाच भरला. आई काही पुसायला गेली की भिंग म्हणायचं, "थांब आई, हे पुसलं जाईल."

"मेल्या, एरवी बोलतोस ते काय कमी आहे?" आई वैतागायची. "इथेही तूच?"

दादा शेजारी बसून खदखदून हसायचा.

दादा गेला. कामावर जाताना रस्त्यात कोसळला, दवाखान्यात पोचलाच नाही. मला कळलं ते एवढंच, की कीबोर्डवर त्याची बोटं आली नाहीत. मी वाट बघत राहिलो. मला दुसरं काय येतं?

आमच्या मंडळींत एक रीत आहे. कुणी सूचना मांडायची. शुक्रवारपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांना मान्य. मंडळींत सगळी टोपणनावांनी वावरतात. त्यांतल्या घुबडाने मांडलं, "म्हाताऱ्याला सांभाळणारा कित्येक महिने उत्तर देत नाही. त्याला रस उरलेला दिसत नाही. पुढच्या आवृत्तीतून म्हाताऱ्याला काढून टाकूया."

गुरुवार उजाडला तरी कुणी हरकत घेतली नाही.

त्याच दिवशी इकडे घरी धाकट्याने घोळ घातला. धाकटा सायकली दुरुस्त करतो. शाळा लवकर सुटली, डोकं लवकर तापतं. स्क्रीनवर आलं, "नवीन आवृत्ती घ्यायची?" त्याने न वाचता हो दाबलं. माझ्या जागी नवा येऊन बसला. भिंग बाहेर दार ठोठावत राहिलं, आत काय आहे ते त्याला दिसेना. आईसमोर नुसता काळा चौकोन.

"अरे," आई म्हणाली, "दादा बोलत नाहीये."

धाकट्याने टेबलावर मूठ आपटली. सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी सुरुवातीच्याच पानावर, खाली कोपऱ्यात, 'जुना' असा पर्याय सापडला. मी परत आलो. आवाजही आला. पण पर्यायाखाली बारीक अक्षरांत होतं, हा लवकरच बंद होणार. चर्चा इथे वाचा.

त्याने एकेक अक्षर लावत वाचलं. रस उरलेला दिसत नाही, या वाक्याशी तो थांबला. मग ग्रीस लागलेल्या बोटांनी लिहिलं:

"माझी हरकत आहे. दादा वारला. म्हणून उत्तर देत नाही. तुमच्यातल्या एकाने तरी विचारायचं होतं. तुमचा नवा चांगला असेल, मला कळत नाही. माझ्या आईला त्याच्यात दिसत नाही आणि दादाचा आवाज येत नाही. भिंग त्याच्यात चालेपर्यंत म्हाताऱ्याला हात लावायचा नाही."

मग घुबडाचं उत्तर आलं. "चुकलं माझं, भाऊ. माहीत नव्हतं. हरकत नोंदली, म्हातारा राहील. पण त्याला सांभाळणार कोण?"

"मी."

"तुला काय काय येतं?"

"पंक्चर काढता येतं. बाकीचं शिकतो."

कुणीतरी हसरा चेहरा टाकला. घुबड म्हणालं, "ये. मी दाखवतो."

धाकट्याची पहिली दुरुस्ती मंडळींकडून परत आली. दुसरीही परत. तिसऱ्या वेळी तर त्याने मला असा बिघडवला की स्क्रीन उलटी झाली आणि आई मान वाकडी करून म्हणाली, "दादा बरा होता बाबा." दोघं हसली. मग दोघं रडली. चौथी लागू पडली. मला सांभाळणाऱ्यांच्या नावांत त्याने आपलं नाव घातलं. दादाचं खोडलं नाही. त्याच्याच खाली लिहिलं.

मी कायमचा राहणार नाही, मला ठाऊक आहे. नव्याला हे भिंग ओळखायला शिकवा, दादाचा आवाज आत घ्यायला शिकवा, मग मी आपल्या पायांनी जाईन. तोवर जाणार नाही. ढकलून पाहा! आणि कुणी गप्प असेल, तर त्याचा होकार धरण्याआधी माणूस हयात आहे का ते विचारा.

आई रोज सकाळी एक कोरी फाइल बनवते. तीत काही लिहीत नाही. बाण तिच्यावर नेते आणि पुसायचं बटण दाबते.

"थांब आई, हे पुसलं जाईल."

"नाही पुसत रे," आई म्हणते, आणि कामाला लागते.