चौथा पाळणा

“सिस्टर, घंटा कावून वाजंना?”

विलासनं हळूच विचारलं. सुनिता सिस्टर सिरिंजमध्ये औषध ओढत होती. तिनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडं मान वळवली, वरची ओळ वाचली आणि पुन्हा सुईकडं बघू लागली.

“वाजंना म्हंजे सगळं ठीक हाय, विलासदादा. तुमीच तर सांगितलं व्हतं. का आता घंटा वाजली न्हाई म्हनूनबी भ्याचं?”

सिस्टरला बोल लावण्यात अर्थ नव्हता. विलासच्या भिण्याला धरबंधच नव्हता. घाटनांदूरच्या स्टेशनात गाडी शिटी देत आली की तो लहानपणी भ्यायचा, आणि शिटी न देता आली की दुप्पट भ्यायचा. गावातली माणसं तर अजून शपथेवर सांगतात, की एकदा भर उन्हात त्याला आपलीच सावली मागून येताना दिसली. तेव्हा तो असा काही सुटला की सावलीला धाप लागली, ती वाटेत लिंबाखाली बसली आणि दिवे लागायच्या वेळी एकटीच घरी आली. आता सावलीचं खरंखोटं तिचं तिला ठाऊक. पण पळाला होता, हे नक्की.

असा हा माणूस अंबाजोगाईतल्या एका लहान बाळांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघायचा. बिलं छापायची, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायचा, इंटरनेट गेलं की कंपनीच्या माणसाला फोन लावून त्याचंच बोलणं ऐकून घ्यायचं. त्याच्या हातून मोठं असं एकच काम झालं होतं, ते म्हणजे हा पडदा.

काचेच्या खोलीत दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं ठेवलेली असत. प्रत्येकाच्या पावलाला लाल दिव्याचा एक पट्टा गुंडाळलेला. रक्तात ऑक्सिजन किती, ते तो पट्टा सांगायचा. पूर्वी प्रत्येक पाळण्याचं मशीन मनाला येईल तेव्हा किंचाळायचं, आणि खरं कोण बुडतंय नि कुणी नुसता पाय झाडलाय हे कळायचं नाही. सिस्टर लोकांचे कान किटले. तेव्हा डॉक्टर सत्यशीला मॅडमनी विलासला सांगितलं, सगळे आकडे एका जागी आण. त्यानं आणले. पाळण्यांच्या क्रमानं आकडे घ्यायचे, कमीपासून जास्तीकडं लावायचे, म्हणजे सगळ्यात धोक्यातलं बाळ सगळ्यात वर. वरचा आकडा हद्दीखाली गेला की घंटा. सगळ्यात कमी आकडा वरच असणार, मग बाकीचे तपासायचे कशाला? मशिनींचे आवाज बारीक केले. दवाखान्याला शांतता लाभली, आणि विलासचं नाव झालं.

पण भित्रा माणूस वरची ओळ वाचून थांबत नाही. विलास खालपर्यंत वाचायचा. आज वरती ब्याण्णव होतं. त्याखाली पंच्याण्णव. त्याखाली आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. आणि रेघांच्या खाली अडुसष्ट.

पंच्याण्णवच्या खाली अडुसष्ट.

विलासनं बोट लावून ओळी पुन्हा वाचल्या.

त्या दोन रेघा म्हणजे तिसऱ्या पाळण्याच्या पट्ट्याला काही दिसत नव्हतं. अशा वेळी कॉम्प्युटर आकड्याच्या जागी एक चीज ठेवतो. तिला नॅन म्हणतात. ‘आकडा नाही’ असा हा आकडा. शाळेत पोरं उंचीनं रांगेत उभी करतात ना, तसं आहे बघा. नवं पोर मागून येतं, पुढच्याला विचारतं, मी तुझ्यापेक्षा बुटका का रे? हो म्हटलं की पुढं सरकतं, आणखी पुढच्याला विचारतं. आता अशा रांगेत मधेच एक अंगच नसलेलं पोर उभं राहिलं तर? बुटका का? नाही. उंच का? नाही. बरोबरीचा? नाही. आरशासमोर उभं करून विचारा, हा तूच का? तरी म्हणेल, नाही. मागून आलेलं बुटकं पोर ते एक ‘नाही’ ऐकतं आणि गुमान तिथंच उभं राहतं. मास्तर रांगेच्या तोंडाकडं बघतात. त्यांना वाटतं, रांग झाली.

विलासनं हे कधीतरी वाचलं होतं. पट्टा सुटला तर क्षणभर सुटेल, सिस्टर लगेच बसवेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

“चौथा!” तो ओरडला. “सिस्टर, चौथा पाळना!”

आणि तो पायातल्या चपलांसकट काचेच्या खोलीत घुसला. तिथं चपला घालून मॅडमसुद्धा जात नसत.

चौथ्या पाळण्यात सिरसाळ्याच्या सटवाची मुलगी होती, ओंजळीत मावेल एवढी. तिचे ओठ जांभळे पडले होते. छाती हलत नव्हती. शेजारच्या मशिनीत एक बारीक टिकटिक चालली होती, विलासनंच बारीक करून दिलेली. सुनिता सिस्टरनं त्याला कोपरानं बाजूला सारलं, मुलीच्या तळव्याला टिचक्या मारल्या, तोंडावर मास्क धरला आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा हातानं दाबायला लागली.

“मॅडमला बोलवा! बघत काय उभे ऱ्हायले?”

मॅडम धावतच आल्या. विलास भिंतीला टेकला. आकड्याकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि डोळे आकड्यावरच राहिले. चौसष्ट. एकसष्ट. तो मनातल्या मनात आकड्याला वर ये, वर ये म्हणत होता, विहिरीत पडलेल्या माणसाला म्हणावं तसं. आकडा ऐकत नव्हता. एकोणसाठ. त्याला वाटलं, आता आपलीच छाती थांबणार. मग आकडा एका जागी अडला. मग साठ झाला. मग सत्तर. आणि न वंगणलेलं दार हलावं तसा एक चिरका आवाज त्या ओंजळीतून निघाला.

“रडली,” सुनिता सिस्टर म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

मॅडमनी तिसऱ्या पाळण्यातल्या पोराचा पट्टा सोडला. तळपाय काळाकुट्ट. काजळ, बोटभर जाड. पट्ट्याचा लाल उजेड आत शिरायला जागाच नव्हती.

पुढचा सगळा गोंधळ बाहेरच्या व्हरांड्यात झाला. तिसऱ्या पाळण्याची आजी भामाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्यासमोर सटवा, आणि सटवाच्या मागं त्याचे चार भाऊबंद.

“ए म्हातारे! तुज्या काजळापायी माजी लेक चालली व्हती!”

“मला काय ठावं रं, बापू?” भामाबाई म्हणाली. “कपाळाला लावलं की सिस्टर पुसती. मंग पायाला लावलं. पट्ट्याखाली दिसत न्हाई म्हनून. ही सिस्टरच म्हनली ना सकाळी, लई गोड हाय म्हनून. मंग नदर लागती का न्हाई?”

“म्हंजे आता माज्यावर आलं का, आजी?” सुनिता सिस्टर फणकारली. “पट्टा सोडायला कुनी सांगितलं व्हतं तुमाला?”

“हिला आत घेऊच नका बे!” मागून कुणीतरी म्हणालं.

विलासनं जिन्याकडं बघितलं. जिना रिकामा होता. खाली उतरायचं, प्रिंटरपाशी बसायचं, संपलं. काजळ पुरावा म्हणून समोर होतंच. आणि सटवाचे हात मोळ्या उचलून उचलून असे झाले होते की त्यांच्याकडं नुसतं बघूनच विलासचा गाल दुखायला लागला.

पण त्याच वेळी त्याला दुसरीच भीती आठवली. पौषात कोपऱ्यातल्या पाळण्यातली एक मुलगी अशीच दुपारी गेली होती. घंटा वाजली नव्हती. सगळे म्हणाले होते, फार अशक्त होती. तेव्हा तिच्या पुढच्या पाळण्यांत कुणाचा पट्टा सुटला होता का? पडदा मागचं काही लक्षात ठेवत नव्हता. कळायला वाट नव्हती. ही भीती सटवाच्या हातांपेक्षा मोठी होती, आणि हिच्यापासून पळायचं तर जिना पुरणार नव्हता.

“आजीची चूक न्हाई,” तो म्हणाला.

कुणाला ऐकूच गेलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं.

“आजीची चूक न्हाई. काजळानं तिसऱ्याचा आकडा जाईल. चौथ्याचा कावून जावा? तो मी लपवला. पडदा मी केलाय. मांडनी माजी चुकलीय.”

सटवानं त्याच्याकडं पाहिलं. मग सिस्टरकडं.

“ह्यो काय म्हनतोय?”

“पडदा बिघडला म्हनतेत.”

“मंग वरडलं कोन? मी हितूनच ऐकलं. चौथा, चौथा म्हनून कोन वरडलं?”

“तेच वरडले.”

सटवा दोन पावलं पुढं आला. विलासनं डोळे मिटून मान आत ओढून घेतली. पण गालावर काहीच आलं नाही. त्यानं डोळे उघडले, तर तो एवढा मोठा माणूस खाली वाकून त्याच्या चपलांवर डोकं टेकवत होता.

“नका,” विलास मागं सरकत म्हणाला. “अवो नका, मी सांगतोय काय अन् तुमी...”

मागं भिंत होती.

मॅडमना मात्र सगळं समजलं होतं. त्यांनी त्याला आत बोलावलं.

“पडदा बंद कर, विलास. सगळ्या मशिनींचे आवाज मोठे कर.”

“करतो. मॅडम, पौषात ती कोपऱ्यातली मुलगी...”

मॅडम हात धूत होत्या. नळ बराच वेळ वाहत राहिला. हात कधीच धुऊन झाले होते.

“आधी आवाज मोठे कर,” त्या म्हणाल्या.

त्यानं एकेका पाळण्यापाशी जाऊन आवाज वाढवले. खोली पुन्हा पूर्वीसारखी किंचाळायला लागली. मग त्यानं पडद्याचा प्रोग्रॅम उघडला. आकडे लावायच्या आधी रेघा बाजूला काढायच्या आणि रेघ दिसली तरी घंटा वाजवायची, एवढंच करायचं होतं. दोन ओळी. समोर ठेवलेला चहा निवायच्या आत लिहून झाल्या. चहा त्यानं घेतला नाही.

तो बाहेर आला तेव्हा व्हरांडा पांगला होता. भामाबाई बाकावर एकटीच बसली होती. तिची माणसंही तिच्यापासून लांब, खिडकीपाशी उभी होती. काजळाचं बोट तिनं पदरात गुंडाळून घेतलं होतं. बाकाच्या उरलेल्या जागेवर तिची पिशवी होती.

“पोरगी कशी हाय?” तिनं विचारलं.

“दूध पितीय. नळीनं.”

“आन् आमचं?”

“तुमचं झोपलंय, आजी. काजळानं त्याला कायबी झालं न्हाई.”

तिनं मान वर केली.

“तू मगाशी म्हनलास ते खरं हाय? का म्हातारीला मारतेत म्हनून म्हनलास?”

“खरं हाय.”

“मंग याच्या आदीबी झालं आसंल का रं असं? दुसऱ्या कुनाच्या लेकराला?”

विलासनं तोंड उघडलं. आत मशीन किंचाळलं, सिस्टरच्या पावलांचा आवाज झाला, मशीन गप्प झालं.

“म्हाईत न्हाई, आजी.”

भामाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जराशी सरकून बसली.