अपत्ये : शून्य

अकरा वर्षांपूर्वी एजंटने इस्त्रीवालीचा परदेशातल्या कामाच्या परवान्याचा फॉर्म भरला आणि ‘अपत्ये’ या रकान्यात बिनदिक्कत शून्य लिहिलं. “पोरंबाळं नसलेल्या बाईला परवाना चटकन मिळतो. नंतर सुधारून घेऊ.” नंतर एजंटच गायब. सहा वर्षांची पोर आजीपाशी राहिली. एकदा त्या देशाबाहेर पाऊल टाकलं की परवाना रद्द, म्हणून ही एकदाही घरी गेली नाही. हॉटेलच्या चादरी इस्त्री करत राहिली. असले नियम लिहिणाऱ्यांना आया नसाव्यात, आकाशातून पडले असावेत.

आज ती वाचनालयामागच्या खोलीत, फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंसमोर बसली होती.

“चार महिन्यांनी मुलगी अठराची होईल,” वकीलबाई म्हणाल्या. “मग तिला इकडे आणता येणार नाही. खरं काय ते आजच लिहून द्या.”

“आणि मलाच हाकललं तर?”

“हाकलतीलही. खोटा धीर देणार नाही. पण अशा एकोणीस जणींचे जबाब मी एकत्र मांडतेय, नियमच बदला म्हणून. एकटीला दमात घेणं सोपं असतं.”

सोबत आलेली, चादरींच्या घड्या घालणारी मैत्रीण कुजबुजली, “अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? सुखातला जीव दुःखात!”

“कुठलं सुख गं?” इस्त्रीवाली फिसकारली. मग वकीलबाईंना म्हणाली, “लिहा. मला एक मुलगी आहे.”

हे वाक्य ती या देशात मोठ्यानं पहिल्यांदाच बोलली.

नाव, जन्मतारीख घडाघडा सांगितली. मग रकाना आला, उंची.

तिचा हात आपसूक कमरेपाशी गेला. थबकला. खांद्यापर्यंत चढला आणि मुकाट्यानं मांडीवर येऊन पडला. फोनच्या पडद्यावर पोर कायम बसलेलीच दिसायची.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “लावा फोन.”

“आई? अशा अवेळी? कुणी गेलं का?”

“सगळे जिवंत आहेत. तुझी उंची किती?”

“का गं, स्थळ आलंय?”

“चावट! कागदावर लिहायचीये.”

“थांब, आजी टेप आणतेय.” तिकडे खुडबुड झाली. मग पोरीचा आवाज एकदम हळू झाला. “आई, मी तुझ्यापेक्षा उंच झाले असेन का गं? तुझी किती आहे?”

इस्त्रीवाली फोन कानाला धरूनच उठली आणि भिंतीला टाचा टेकवून ताठ उभी राहिली.

“सही करते, बाई,” ती म्हणाली. “आधी मला मोजा.”