स्प्रिंग मऊ घ्या

खोडदच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर आला तशी मंगलाबाईंनी दारावरची मूठ घट्ट धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. गाडी चढली आणि धाडकन उतरली. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून कमरेच्या वरचा मणका दबला होता, नेमकी तिथंच कळ उठली. बाहेर टोमॅटोच्या शेतापलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची एक तबकडी आभाळाकडे तोंड करून उभी होती. तिच्याकडे बघत त्यांनी हळूहळू श्वास सोडला.

"लागलं का गं?" गाडी चालवता चालवता मिश्रीलालशेठनी विचारलं.

"न्हाई. काय सुदिक न्हाई."

मागच्या सीटवर भगवंत मेकॅनिक बसला होता. गाडी त्याच्या एका गिऱ्हाइकाची होती. शेठच्याच गाडीसारखी, पण हिला चाकांचे धक्के झेलणारे शॉकॉप्सर कमीजास्त करता येतील असे बसवलेले. तेच आपल्या गाडीला घ्यावेत असं शेठच्या मनात होतं, आणि घेण्याआधी बायकोला एकदा बसवून बघावं म्हणून ही फेरी.

मिश्रीलालशेठचं ओतूरला कापडाचं दुकान. सगळी उमर गादीवर मांडी घालून बसण्यात गेलेली. बाईमाणसानं साड्यांचा ढीग उलगडून एकही घेतली नाही, तरी हसून "परत या" म्हणायचे. गाडीही तशीच चालवायचे. मागून हॉर्न वाजला की बाजूला घ्यायचे, समोरून उसाची ट्रॉली दिसली की साइडपट्टीवर उतरून थांबायचे. चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, असं मंगलाबाई शेजारणींना हसत सांगायच्या.

अशा माणसाला साठाव्या वाढदिवसाला जिनेशनं, म्हणजे पुण्यातल्या मुलानं, गाड्या पळवायच्या ट्रॅकवर नेलं. शर्यत वगैरे काही नव्हती. हेल्मेट घालायचं आणि आपली गाडी आपण मोकळेपणी पळवायची, एवढंच. बापाला गंमत दाखवावी म्हणून नेलं, आणि बाप तिथलाच होऊन बसला. त्या संध्याकाळी जेवताना शेठचं बोट ताटाच्या कडेवरून वळणं घेत फिरत होतं, ते मंगलाबाईंनी पाहिलं. मग दर महिन्याला एक रविवार ठरूनच गेला.

अडचण गाडीची होती. ती एकच, आणि तीच रोजची. दुकानाचे गठ्ठे तिच्यातून यायचे आणि पाठीच्या व्यायामाला मंगलाबाई तिच्यातूनच मंचरला जायच्या. ट्रॅकवर वळण घेताना ती होडीसारखी कलंडायची. शॉकॉप्सर बदला, असं तिथल्या शिकवणाऱ्यानं सांगितलं. पक्के कडक घेतले तर रोजचा रस्ता हाडं खिळखिळी करणार. म्हणून हे कमीजास्त करता येणारे. वर एक बटण असतं, ते एका बाजूला फिरवलं की कडक, दुसऱ्या बाजूला मऊ. शेठना वाटलं, आपलाही रविवार साधेल आणि हिचंही मंचर.

गॅरेजवर परत आल्यावर मंगलाबाई उतरल्या त्या दाराला धरूनच. भगवंतनं ते बघितलं. बटण पार मऊवर ठेवलं होतं असं तो म्हणाला आणि हात पुसत आत गेला. शेठनी बायकोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि विचार करून सांगतो म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही. ट्रॅकचा पुढचा रविवार आला तेव्हा शेठ घरीच. दुपारी त्यांनी कपाट आवरायला घेतलं, जे लग्नापासून कधी आवरलं नव्हतं. मंगलाबाईंना वाटलं, ट्रॅक बंद असेल. पण चहा घेऊन त्या ओसरीकडे निघाल्या आणि दारातच थबकल्या. शेठ फोनवर जिनेशला सांगत होते की आता ते सगळं सोडलं. तुझ्या मम्मीच्या पाठीला सोसत नाही, आणि तिला सोडून मला काय करायचंय त्याचं.

मंगलाबाईंना बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. मुलगा लहान म्हणून, सासूबाई आजारी म्हणून, दुकान आहे म्हणून त्यांनी किती गोष्टी सोडल्या होत्या, आणि ज्यांच्यासाठी सोडल्या त्यांना पत्ताही लागू दिला नव्हता. आता आपणच कुणाच्या तरी सोडण्याचं कारण झालो, तेही आपल्याला न विचारता. त्यांनी चहाचा कप शेठच्या पुढ्यात ठेवला आणि समोरच बसल्या.

"पाठ माझी हाय," त्या म्हणाल्या. "तिचं नाव पुढं करून तुमी घरी बसू नका."

शेठ गोंधळले. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग त्या दिवशी खोटं का बोललीस? दाराला धरून उतरलीस ते दिसलं मला."

"तुमी कधी काय मागत न्हाई. पहिल्यांदा काय तरी मागितलं व्हतं."

रस्त्यानं कांद्याचा एक टेम्पो गेला. मग मंगलाबाईंनी विचारलं, जे गेल्या वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. तिथं असं आहे तरी काय? एवढं गोल गोल फिरून मिळतं काय?

शेठनी बराच विचार केला. मोठ्या गोष्टी बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तिथं समोरून कुणी येत न्हाई," ते म्हणाले. "सगळे एकाच बाजूला जातात. जन्मभर समोरच्याचं तोंड बघत आलो मी. काय म्हणंल, घेईल का न्हाई, बाजू द्यायची का थांबायचं. तिथं नुसता रस्ता असतो गं. आणि मी."

मंगलाबाईंनी मान हलवली. हे त्यांना समजलं. स्वतःला असा रस्ता कधी मिळाला होता का, हे आठवायचा प्रयत्न त्यांनी केला आणि सोडून दिला. चहा निवला होता, तो त्यांनी पुन्हा गरम करून आणला आणि उद्या भगवंतकडे जायचं असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर त्या स्वतःच बोलल्या. मऊवर ठेवूनही दणका बसला तो कसा, असं त्यांनी विचारलं. भगवंतनं एक जुना शॉकॉप्सर आणून दाखवला. बटण फिरवलं की हा आतला दांडा हळू चालतो की भरभर, एवढंच बदलतं, बाहेरची स्प्रिंग जी बसवू तीच राहते, हे त्यानं नीट समजावलं. त्या गाडीची स्प्रिंग कडक होती. मऊ स्प्रिंगही मिळते, पण मग ट्रॅकवर गाडी थोडी झुकणारच. बटणानं ते कमी होईल, पार जाणार नाही.

"तवा ठरवा शेठ," तो म्हणाला. "दोन्ही पुरं मिळत न्हाई. कुटंतरी थोडं सोडावं लागतंय."

शेठनी बायकोकडे बघितलं. नेहमीप्रमाणे ती 'तुमचं तुम्ही बघा' म्हणेल असं त्यांना वाटलं असावं.

"स्प्रिंग मऊ घ्या," मंगलाबाई म्हणाल्या. "कडक मला सोसायची न्हाई."

"मऊच घ्यायची," शेठ लगेच म्हणाले. जरा झुकली तर झुकली.

शॉकॉप्सर बसल्यावर पुन्हा खोडदच्या रस्त्यानं फेरी झाली. या खेपेला मंगलाबाई प्रत्येक खड्ड्याला खरं बोलल्या. हे लागलं, हे नाही लागलं, अजून मऊ करा. भगवंत उतरून बटणं फिरवायचा, गाडी पुन्हा निघायची. आधी होती तितकी गादीसारखी मऊ गाडी काही झाली नाही. पण स्पीडब्रेकर आला तेव्हा त्यांचा हात मांडीवरच राहिला.

पुढच्या रविवारी त्या बरोबर गेल्या. ट्रॅकवर शेठच्या शेजारी बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि त्यांनाही ती हौस नव्हती. पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून त्या बसल्या. रंगीबेरंगी गाड्या कान फाटेल असा आवाज करत समोरून जात होत्या आणि त्यांच्या मधून शेठची पांढरी गाडी आपल्या चालीनं फिरत होती. सगळे तिला मागं टाकून जात होते. शेठ कुणाला बाजू देत नव्हते, कुणासाठी थांबत नव्हते. जाणारे आपले वळसा घालून पुढं जात होते.

शेजारी बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, तुमची कुठली?"

"ती पांढरी," मंगलाबाई म्हणाल्या. "वळणावर झुकतीये ना, ती."

उन्हं कलायच्या आधी निघायचं होतं. जैन नेमाप्रमाणे दोघंही दिवस मावळल्यावर जेवत नसत. शेठ हेल्मेट काढून आले, पांढरे केस घामानं कपाळाला चिकटलेले. घरच्या रस्त्यासाठी गाडी मऊ करायला त्यांनी आधी मागची बटणं फिरवली, मग बॉनेट उघडलं आणि आपल्या बाजूला वाकले. तिकडचं झालं की वळसा घालून पलीकडे जायचं, असा त्यांचा बेत होता. पण मंगलाबाई खुर्चीवरून उठून दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कुठल्या अंगाला फिरवायचं?" त्यांनी विचारलं.

शेठनी बोटानं दाखवलं. मंगलाबाईंनी बांगड्या मागं सारल्या आणि बटण धरलं. कट् कट् करत ते फिरू लागलं. एवढं मऊ चालेल, असं वाटून मध्ये त्या जराशा थांबल्या. पदराला काळं लागू नये म्हणून शेठनी तो नुसता वर धरला.

मग मंगलाबाईंनी ते पुढं फिरवलं, आणखी पुढं, अगदी फिरायचं थांबेपर्यंत.