कोरड्या कुंड्या

नातीबद्दल गंगुबाईंची एकच तक्रार होती: पोरगी पंक्तिप्रपंच करते.

एकाच पंगतीत एकाला वाढायचं नि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे त्यांच्या घरात पाप होतं. सान्वीने मात्र दिवा गावातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर खुशाल तसाच संसार मांडला होता. कठड्याशी सहा कुंड्या, त्यांना पोटभर पाणी. जिन्याजवळ तीन आणि टाकीमागे तीन, त्यांना घशाला ओल लागेल एवढंच. झाड सगळ्यांत एकच, मिल्क थिसल नावाचं. अंगभर काटे आणि पानांवर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या शिरा.

"टँकरची वाट बघण्यात माझी हयात गेली," गंगुबाई शेजारच्या हेमांगीला म्हणाल्या, "आणि ही शिकलेली बया मुद्दाम तहानेलं ठेवते. विचारलं तर म्हणते, प्रयोग आहे. निर्दयी कार्टी."

झाडांना कळ्या आल्या तरी पोरगी हात सैल सोडेना, तेव्हा गंगुबाईंना राहवलं नाही. देवांच्या आंघोळीचं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, हा त्यांचा नेम. खिडकीतल्या तुळशीच्या वाट्याचं ते फुलपात्र घेऊन त्या रोज सकाळी धापा टाकत गच्चीवर जाऊ लागल्या. जिन्याजवळच्या तिघींना सारखं वाटायच्या. टाकीमागे जायला गुडघे तयार नव्हते.

एक दिवस सान्वी खाली आली ती हातात तुळशीचं ओलं पान घेऊन.

"आजी, हे कुंडीत सापडलं."

"मग? देवावरचं आहे. कुठे गटारात नाही सापडलं."

"तू पाणी घालतेस त्यांना?"

"तू घालत नाहीस म्हणून."

सान्वी तिथेच खाली बसली. भांडली असती तर गंगुबाईंनी चार शब्द जास्तच ऐकवले असते, पण पोरगी भांडली नाही. मग हळूहळू सांगू लागली. या झाडाच्या बियांतलं द्रव्य लिव्हरच्या औषधात वापरतात. पाण्याचा ताण बसला की बी कमी धरतं, पण त्या बियांत द्रव्य वाढतं का, हे तिला मोजायचं होतं. एमएस्सीचा सगळा प्रोजेक्ट यावरच होता. पेरणी थंडीतच होते. आता बिघडलं म्हणजे वर्ष गेलं.

पाणी घालून आपणच घोळ केला, हे गंगुबाईंना कळलं. चुकलं म्हणायची जिभेला सवय नव्हती.

"मी काय बादल्या ओतल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "एक फुलपात्र, तिघींत मिळून. कळ्या दिसल्यापासून एक दिवस खाडा नाही."

सान्वीने मान वर केली. "रोज तेच फुलपात्र?"

"देवाला काय रोज नवीन भांडं काढतात?"

दुसऱ्या दिवशी ते फुलपात्र सान्वीच्या बॅगेतून कल्याणच्या कॉलेजात गेलं. तिच्या सुमती मॅडमनी त्यात किती पाणी मावतं ते मोजलं आणि म्हणाल्या, झालं ते जसंच्या तसं लिही. आधी ताण, मग थोडं पाणी, असा तिसरा गट धर.

तेव्हापासून गंगुबाईंच्या डोक्यावर जबाबदारी आली: रोज तेवढंच एक फुलपात्र, आणि तेही फक्त जिन्याजवळच्या तिघींना. हेमांगी एकदा तांब्या घेऊन टाकीमागे निघाली, तर त्यांनी तिला जिन्यातच अडवलं. "तिकडे नको. त्यांचा उपास आहे."

उन्हाळा लागला, बोंडं वाळली, बी तपासून झालं. सान्वी घरी आली ती चपला न काढताच बोलू लागली.

"पोटभर प्यालेल्यांना बी भरपूर, द्रव्य कमी. टाकीमागच्यांना बी चिमूटभर, पण द्रव्य सगळ्यांत जास्त. तुझ्या तिघींना बी बऱ्यापैकी, आणि द्रव्यही फार उतरलं नाही."

"म्हणजे जिंकले मी."

"तीन कुंड्यांवर कोणी जिंकत नसतं, आजी. प्रोजेक्ट पास झाला. पण हे खरं धरायचं तर पुढच्या थंडीत पुन्हा पेरायला हवं, जास्त कुंड्या घेऊन. मी पेरणार आहे."

गंगुबाईंनी तिचे काट्यांनी ओरबाडलेले हात पाहिले, आणि हेमांगीलाही ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"निर्दयी म्हणत होते मी तुला. तशी नाहीस. निर्दयी माणूस तहानेलं टाकून जातं, तू रोज वर जाऊन बघत होतीस. हट्टी आहेस मात्र. आणि हट्ट तुझ्या आईच्या माहेरी कोणात नाही. माझ्यावर गेलीस."